आमची वाटचाल : टाकी निघाली, माती राहिली

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या जुन्या टाक्या काढता काढता आम्ही इंधन मुरलेली माती साफ करण्याच्या या धंद्यात शिरलो. साल २००८. टाकी डिगॅस करायची, म्हणजे आतली वाफ काढायची, पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचे सरकारी खाते) कागद पुरे करायचे, क्रेनने उचलायची, खड्डा बुजवून मोकळे व्हायचे. खड्ड्यातल्या काळपट मातीकडे तेव्हा आम्हीही बघत नव्हतो.

२०१३ने बघायला लावले. कराडजवळच्या एका पंपाची टाकी आम्ही काढली, पण मातीचे काम दुसऱ्याने निम्म्या दरात उचलले. त्याने तीन फूट माती उपसून ओढ्याकाठी टाकली, वर मुरूम दाबला आणि ‘साइट क्लीन’ असा कागद दिला. उन्हाळाभर वास नव्हता. जुलैत भूजल चढले. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण, त्याला भेगा. पेट्रोल त्या भेगांत दडून बसते, आणि पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी चढले की त्याच्यावर तरंगत सरकते. शेजारच्या विहिरीत आम्ही बेलर, म्हणजे पाण्याचा नमुना काढायची नळी, सोडला, वर काढून उन्हात धरला. पाण्यावर दोन बोटे पिवळट थर!

आळ आला आमच्यावर, कारण टाकी काढल्याच्या कागदावर सही आमची. बिल अडकले, हातातली तीन कामे गेली, ब्लोअरचे हप्ते थकले. ज्याने माती ओढ्याकाठी लोटली, त्याला कुणी साधे विचारलेसुद्धा नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा अण्णा उभे राहिले. आमचे पहिले गिऱ्हाईक. म्हणाले, “माझ्या पंपाची माती तूच बघ. पैसे आगाऊ घे.” तिथे दोन्ही इंधने मुरलेली. पेट्रोल उडते, म्हणून तिकडे चिरा पाडलेले पीव्हीसी पाइप गाडून ब्लोअरने वाफ ओढली आणि वाफ शोषणाऱ्या कार्बनच्या ड्रममधून सोडली. डिझेल तसे निघत नाही. ती माती ताडपत्रीवर ढीग करून, युरिया आणि डीएपी घालून ओलसर ठेवली, दर आठवड्याला उलटली. खाण्याचे काम जिवाणूंनी केले. पाच महिने अण्णा मातीतली वाफ मोजणाऱ्या पीआयडी मीटरचे आकडे स्वतःच्या हाताने डिप रजिस्टरमध्ये, म्हणजे टाकीतल्या इंधनाची मोजलेली पातळी लिहायच्या वहीत, लिहीत होते.

पंपवाल्यांना सांगतो, डिपमध्ये रोज थोडी थोडी घट दिसत असेल तर ती बाष्पीभवनावर ढकलू नका. नाकावर विसंबू नका, नाक वासाला सरावते. माती झिपच्या पिशवीत घालून दहा मिनिटे उन्हात ठेवा, मग मीटर लावा. आणि रिकाम्या टाकीला गॅस कटर लावण्याआधी आतली वाफ मोजा. भरलेल्या टाकीपेक्षा ती घातक असते.

कराडची ती विहीरही शेवटी आम्हीच साफ केली. प्रयोगशाळेचा अहवाल हातात असूनही शेतकऱ्याने मोटर लावण्याआधी ओंजळभर पाणी घेऊन कितीतरी वेळ हुंगले. मग उसाला पाणी सोडले. त्या कामाचे बिल अजून येणे आहे.