पद्मिनी, चिखलदऱ्याचा घाट आणि चुकीची कॉइल

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल आणि नागपूरहून चिखलदऱ्याला निघत असाल, तर जुने पॉइंट, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर आणि जुनी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) डिकीत टाकल्याशिवाय निघू नका. मला दुकानात सांगितलं होतं, "भाऊ, आता बॉनेट उघडायचं कामच नाही." परतवाडा सोडल्यावर घाटात बॉनेट उघडं होतं आणि मागून एसटी हॉर्न देत होती.

अमरावतीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पहाटे वाडी ओलांडली, कोंढाळीला चहा झाला, तळेगावचा सत्याग्रही घाट गाडीने हसत ओलांडला. तेव्हा गारवा होता. अमरावतीत नातेवाइकांकडे जेवण झालं आणि मे महिन्याच्या भर दुपारी पुढे निघावं लागलं.

घाटात दुसऱ्या गिअरवर चढत असताना इंजिन एकदम बंद. आचके नाहीत, मिसिंग नाही, कुणी किल्ली काढून घ्यावी तसं. अर्ध्या तासाने सुरू झालं, दोन-तीन वळणं चढलं, पुन्हा बंद. थांबणारा प्रत्येक जण एकच सांगायचा: पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओलं फडकं टाका. टाकलं. गाडी सुरू झाली आणि पुढच्या चढावर परत मेली.

मग परतवाड्याहून मोटरसायकलवर मिस्त्री आणला. त्याने कार्बोरेटर उघडला, पंपाचं किट बदललं आणि 3500 रुपये घेतले. गाडी सुरू झाली, कारण एवढ्या वेळात ती थंड झाली होती. तो खाली गेला आणि आम्ही वर जेमतेम एक वळण गाठलं. हे पैसे सरळ लुबाडले गेले. त्याने स्पार्क एकदाही बघितला नाही.

गोम इथेच आहे. वाफ धरली तरी थांबल्यावर गाडी सुरू होते, आणि इग्निशन तापून बंद पडलं तरी थांबल्यावर सुरू होते. म्हणून फडकं टाकणाऱ्याला वाटतं, आपला उपाय लागू पडला. फरक बघायचा तर गाडी बंद पडल्याच्या क्षणी बघा, थंड होऊ देऊ नका. माझा मावसभाऊ बरोबर होता, तो म्हणाला, "दादा, पेट्रोलचं राहू दे, आधी स्पार्क पाहू." कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना ठिणगी वाटतो त्यातून) काढून जादाच्या प्लगला लावली, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही. (वायर नुसती मोकळी धरून सेल्फ मारू नका, मोड्युल, म्हणजे पॉइंटच्या जागी बसवलेला इलेक्ट्रॉनिक भाग, जाऊ शकतं.) एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची धार व्यवस्थित येत होती. म्हणजे पंप, किट, फडकं, सगळं व्यर्थ.

मल्टिमीटर जवळ होता. कॉइलच्या वायरी सोडवून प्लस-मायनसमध्ये रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) मोजला: 1.5 ओहम. डिकीतली जुनी कॉइल: 3 ओहम. दुकानदाराने "जास्त ताकदीची" म्हणून नवी कॉइल माथी मारली होती आणि मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर दिलाच नव्हता. हिशोब साधा आहे. चालू गाडीत साधारण 13.8 व्होल्ट असतात. 3 ओहमला करंट जातो साडेचार अँपिअरच्या आसपास, 1.5 ओहमला नऊच्या पुढे. मोड्युल बसतं डिस्ट्रिब्युटरच्या आत, इंजिनच्या उष्णतेत. घाटात वेग कमी, हवा कमी आणि करंट दुप्पट. सपाट रस्त्यावर ते तगतं, चढावर झोपतं. चार सिलिंडरच्या बऱ्याच मोड्युलना किमान 3 ओहमची कॉइल लागते. बसवून घेताना दुकानातच मोजायला लावा. मोजत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

जुनी कॉइल तिथेच रस्त्याच्या कडेला बसवली, मोड्युल थंड होऊ दिलं आणि मग गाडी एकदाही न थांबता वर गेली. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. मोड्युल वाचलं. जळालं असतं तर जुने पॉइंट घालून गेलो असतो. पॉइंट परत घालायची वेळ आली तर कॉइलही 3 ओहमचीच लावा, 1.5 वर पॉइंट लवकर जळतात.

आणखी दोन गोष्टी. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत अर्थिंग नीट आहे का तपासा. गाडी चालू असताना या दोन टोकांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वेगळी अर्थ वायर टाका. माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधल्या प्लेटचा स्क्रू रंगावरच कसला होता. दुसरं, इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गाणी ऐकू नका, कॉइल आणि मोड्युल दोन्ही तापतात. पोरांना हे आधीच बजावून ठेवा.

चिखलदरा छान आहे, जा. परतताना मुद्दाम दुपारच्या उन्हात अमरावती रोडने आलो, नागपूरपर्यंत एक मिसिंग नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मी काढणार नाही, ते चांगलंच आहे. नागपूरच्या दुकानदाराकडे कॉइल परत द्यायला गेलो तर म्हणाला, हा सेट असाच येतो. पैसे दिले नाहीत. बिलावर कॉइलचा ओहम लिहून घ्या, म्हणजे भांडायला कागद राहतो.