२१० मिलिमीटर

परवा दुपारी मारुती जिप्सीचा फाळका पाडला आणि तांबीला हाक मारली. एरवी फाळक्याची कडी वाजली की ती आत. या वेळी तिने पुढचे दोन पंजे फाळक्यावर टेकवले, मागचे पाय जमिनीवरच ठेवले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग काही झालंच नाही असं आम्ही दोघांनीही ठरवलं. मी तिच्या ढुंगणाला हात दिला, आणि ती आपली आपण चढल्याच्या थाटात बाकावर जाऊन बसली.

जिप्सी घेताना मी भाळलो होतो तो ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीवर. २१० मिलिमीटर! कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. पण तो आकडा दगडधोंड्यांसाठी. कुत्र्याच्या कामाचा आकडा जमिनीपासून फाळक्यापर्यंतचा, आणि तो माहितीपत्रकात कुणी छापत नाही. माझ्या मांडीच्या वर, कमरेच्या जरा खाली. गावठी कुत्रीला ऐन उमेदीत ही उंची म्हणजे काहीच नव्हे.

लहानपणी जीप म्हणजे वडाप, माणसं कोंबून नेणारी. भोरच्या स्टँडबाहेर महिंद्राची कमांडर लागायची आणि ती 'भरली' असं ड्रायव्हर कधीच म्हणायचा नाही. त्याच्या उजव्या हातालाही एक माणूस असायचा, म्हणजे ड्रायव्हरच मधल्या माणसासारखा. पायांत कोंबड्या, टपावर पोती, मागे फाळक्यावर लोंबकळणारी पोरं. सुट्टी संपवून आम्ही निघालो की मामाचा काळू वडापमागे धावत यायचा, ओढ्यावरच्या फरशीपर्यंत. तिथे त्याची हद्द संपत असावी. मागच्या बाकावरून मला तो धुळीत बारीक होत गेलेला दिसायचा. एकदा म्हटलं, मामा, याला नेऊ या का? तर मामा म्हणाला, "मानसान्ला जागा नाय, आन् कुत्र्याचं तिकीट काढतोस व्हय?" सगळी जीप हसली. मला मात्र ते बरेच दिवस लागून राहिलं होतं.

जिप्सी आली १९८५ मध्ये, १.३ लिटर इंजिनाची 'किंग' १९९६ मध्ये. माझी २००९ ची. चारही चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा, त्यामुळे रस्त्यातला एकही खड्डा मणक्यापासून लपून राहत नाही. एसी नाही, वर कापडी हूड, पेट्रोलचं तर बोलूच नये. आमच्या घरातली माणसं हिच्यातून सासवडच्या पुढे यायला तयार नसतात. तांबीची तक्रार नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गादीतूनच. बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यामुळे मागचं कापड गुंडाळून वर बांधलं की तिच्यासारखी सुखी तीच. वळण यायच्या आधीच ती अंग कलतं करते. वरंध घाटात मी गिअर खाली टाकला की आवाजावरून तिला कळतं, आणि ती चारी पाय फाकवून पक्की उभी राहते. चिखल दिसला की मी उतरून पुढच्या चाकांचे हब लॉक करतो, म्हणजे त्यांनाही इंजिनाचा जोर मिळतो. पहिल्या हबची कटकट ऐकली की ही उठून पुढच्या दोन सीटांच्या मधून मुंडकं काढते, फोर बाय फोरचा दांडा जणू तिच्याच ताब्यात आहे.

जुन्नर भागात मुक्काम पडला तर मात्र ती आत आणि हूडच्या सगळ्या चेन बंद, उन्हाळ्यातसुद्धा. बिबट्याला कुत्रं फार आवडतं. उन्हाळ्यातसुद्धा. मग रात्रभर ओल्या कुत्र्याचा वास आणि पेट्रोलचा वास. सकाळी कोणता कुठून येतोय सांगता येत नाही. मला तो वास आवडतो, हे मी घरी बोलत नाही.

मित्र म्हणतात, आता पुरे, मारुतीचीच नवी जिम्नी घे. पाहून आलो. तिचाही ग्राउंड क्लिअरन्स २१०! शिवाय आतलं स्वच्छ सीट कव्हर बघून मलाच संकोच वाटला. आमची पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेली; लाइट, हॉर्न, ब्रेक बघितले, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांचं पासिंग मिळालं. तांबीला त्याच सुमारास डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मागचे पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, उड्या बंद. मुदत काही सांगितली नाही, मीही विचारली नाही.

फळी लावून पाहिली. घसरू नये म्हणून वर काथ्याचं पायपुसणं ठोकलं. तिने ते हुंगलं, त्यावर बसली आणि तिथेच झोपली. उचलून घ्यावी तर बावीस किलो, आणि माझी पाठ त्या पाट्यांनी आधीच खाल्लेली.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. हौसेच्या दिवसांत त्याच्याकडूनच मागच्या पाट्यांत एकेक जादा पान घालून घेतलं होतं, गाडी उंच दिसावी म्हणून. म्हटलं, ते काढ.

"साहेब, लोक दोन इंच वाढवायला येतात माझ्याकडं."

"किती खाली येईल?"

"इंचभर. फार तर दीड." मग तांबीकडे बघून म्हणाला, "तिला पुरंल का?"

कुणास ठाऊक. गाडी सोडून आलो. शनिवारी देतो म्हणालाय, म्हणजे मंगळवार धरायचा.