शर्टाची डावी बाही

"बाबा मुद्दाम करतात हो," मुलगी वैतागून सांगत होती. "ताटातलं अर्धं तसंच ठेवतात आणि वर पोट भरलं नाही म्हणून चिडतात. दाढी केली तर एकाच गालाची."

काकांच्या मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) येऊन गेला होता. डाव्या हातातली ताकद कमी झाली होती, पण अजिबातच गेली नव्हती. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवणं हे माझं काम. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ छान आलं. आकडे मात्र बाराच्या बारा उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले, डावी बाजू कोरी राहिली. काकांनी समाधानाने पेन खाली ठेवलं.

मुलीला तो कागद दाखवून म्हटलं, हा हट्ट नाही. त्यांचे डोळे नीट आहेत, पण डावीकडे काही आहे याची दखलच मेंदू घेत नाही. ताटात काही उरलंय हे त्यांना कळणार तरी कसं? आम्ही याला 'निग्लेक्ट' म्हणतो. मेंदूच्या डाव्या बाजूच्या झटक्यातही असं होऊ शकतं, पण उजव्या बाजूच्या झटक्यानंतर ते जास्त वेळा दिसतं आणि जास्त काळ टिकतं. घरच्यांना हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आजारी माणूस उगाचच बोलणी खात राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हाताचे व्यायाम, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आम्ही सुरुवात करतो ती माणसाच्या दिवसापासून. सकाळी उठल्यापासून त्याला काय काय करायचं असतं आणि त्यातलं नेमकं कुठे अडतं? काकांना विचारलं, सगळ्यात आधी काय स्वतःचं स्वतः जमायला हवं? ते लगेच म्हणाले, "शर्ट. मुलीने मला कपडे घालायचे, हे सहन होत नाही."

मग शर्टच घेतला. पाय जमिनीवर टेकतील अशा खुर्चीत त्यांना बसवलं. डाव्या बाहीच्या कडेला लाल पट्टी लावली. शर्ट मांडीवर पसरून डावी बाही दोन गुडघ्यांच्या मध्ये सोडायची, म्हणजे कमजोर हात तिच्यात वरून अलगद उतरतो. कमजोर हात घालताना पहिला, काढताना शेवटचा. बाही खांद्यापर्यंत ओढून घेतल्याशिवाय दुसऱ्या हाताकडे जायचं नाही, नाहीतर शर्ट पाठीमागे अडकतो.

काकांनी आधी उजवाच हात घातला, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "झालं." डावी बाजू पाठीवर लोंबत होती. मुलगी पुढे झाली, मी तिला खुणेने थांबवलं. 'डावी बाही राहिली' असंही मी म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "काका, कुठली बाजू बघायची राहिली?" ते चिडले. पुन्हा विचारलं. मग त्यांनी मान वळवली, उजव्या हाताने कापडाची कड चाचपत चाचपत डावीकडे नेली आणि बोटं लाल पट्टीवर थांबली. "ही इथे होती होय?"

शर्ट अंगात जायला अर्धा तास लागला. बटणं खालून वर लावली, कारण खालची नजरेसमोर असतात आणि जोडी चुकत नाही. मुलगी हळूच म्हणाली, "मी दोन मिनिटांत घातला असता." खरंच होतं ते. पण मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या कामातून आणि तेच काम पुन्हा पुन्हा करून. मायेने पुढे केलेला हात ती संधी काढून घेतो. घरच्यांनी नुसतं थांबायचं, हे या उपचारातलं सगळ्यात कठीण काम आहे असं माझं मत आहे.

घरी काही बदल करायला सांगितले. गप्पा मारायला त्यांच्या डावीकडे बसा. फोन आणि बोलावण्याची घंटा मात्र उजवीकडेच ठेवा, कारण गरजेच्या वेळी सराव घ्यायचा नसतो. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायची आणि ती दिसली की मगच ओळ वाचायला घ्यायची.

आता शर्ट ते एकट्याने घालतात. दमलेले असले की डावा खिसा आत दुमडलेला राहतो, तोही मान वळवली की सापडतो. परवा त्यांनी स्कूटरचा विषय काढला. मी स्पष्ट नाही म्हटलं. डावीकडून येणारी गाडी लक्षातच आली नाही तर काय होईल, हेही सांगितलं. ते रागावले, बराच वेळ वाद घातला. शेवटी पायी रस्ता ओलांडण्याच्या सरावावर तडजोड झाली, आणि तोही आधी रिकाम्या व्हरांड्यात.