तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रकारितेचा पाया कुठे शिकायचा?

“पोराला पत्रकार व्हायचंय म्हणतो, कुठला कोर्स चांगला?” लग्नात पंगतीला बसलो की शेजारचं कुणीतरी हे विचारतंच. ताटात जिलेबी असताना धड उत्तर सुचत नाही, म्हणून इथे देतो.

कोर्स करू द्या. मीही एक वर्षाचा डिप्लोमा केला. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा ककार, आणि महत्त्वाचं वर, फुटकळ खाली हा उलटा पिरॅमिड एका दुपारी समजतो. वेळ लागतो तो कायद्याला. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव छापायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाव, शाळा आणि मामाचं आडनाव एकाच बातमीत आलं की नाव न छापताही ओळख फुटते, हे कुणीतरी समोर बसवून सांगावं लागतं.

पाया म्हणाल तर माझा मात्र कांद्याच्या भावाने घातला.

नाशिक जिल्ह्यात तालुका वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा रोजचं एक काम ठरलेलं: बाजार समितीचे भाव कळवायचे. फळ्यावर तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, सगळे क्विंटलचे. एका संध्याकाळी कमाल दर 4,000 दिसला. मी मथळा दिला, ‘कांदा चार हजारांवर’. पहिल्यांदाच माझी बातमी पहिल्या पानावर लागली. सर्वसाधारण दर होता 1,900. तो मी शेवटच्या ओळीत टाकला होता, आणि जागा कमी पडली तेव्हा डेस्कवर नेमकी तीच ओळ उडाली. उलट्या पिरॅमिडची बातमी खालून छाटतात, हे मला शिकवलेलं होतं बरं का!

दुसऱ्या दिवशी आवारात ट्रॅक्टरांची रांग रोजच्यापेक्षा लांब. लिलाव सुरू झाला, भाव कालच्याहून खाली. भाड्याचा ट्रॅक्टर करून आलेल्या एका शेतकऱ्याने पेपरची घडी माझ्यापुढे धरली. “चार हजार कुणाला मिळाले, दाखव.” मला दाखवता येईना. समितीच्या कारकुनाने वही उघडली. एकच पिकअप होती, निवडून भरलेली, गोलटी म्हणजे बारीक कांदा काढलेली. बाकी सगळा बाजार दोन हजारांच्या आतबाहेर. आता खुलासा तरी कशाचा छापणार? आकड्यात एका रुपयाची चूक नव्हती. त्या माणसाने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने पेपर सीटखाली घातला आणि 1,750ला माल देऊन गेला.

6 जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालतात. ‘दर्पण’ 1832 साली त्याच तारखेला सुरू झालं. घालावेत. पण नव्या पोरांना मी सांगतो तो किस्सा 1882चा. ‘केसरी’ जेमतेम दीड वर्षाचा होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिलं, त्याला आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. दिलगिरीने भागलं नाही. टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. आपण ही त्यागाची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण वार्ताहराने ती वेगळी वाचावी. कागद कुणी आणून दिला? त्याच्या हाती कसा आला? अक्षर कुणी ओळखलं? हेतू स्वच्छ असला की हे प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि त्या दोघांपेक्षा स्वच्छ हेतूची माणसं आणायची कुठून?

म्हणून आता कुणी फारच मागे लागलं तर मी कॉलेजचं नाव सांगत नाही, बाजार समितीत पाठवतो. परवा शेजारची बारावी झालेली पोरगी गेली. तासाभरात फळ्याचा फोटो आला, कमाल दराभोवती लाल गोल केलेला. मी विचारलं, “हा भाव किती वाहनांना मिळाला?”

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, “ते फळ्यावर लिहिलेलं नाही काका. थांबा, विचारून येते.”