वस्ती

‘होमस्टेड’ला, म्हणजे शेतातच राहायला असलेल्या घर-गोठ्याला, मराठीत काय म्हणायचं? ‘शेतघर’ म्हटलं की शनिवार-रविवारचं फार्महाऊस डोळ्यांपुढं येतं. ‘वाडा’ म्हणावं तर दिंडीदरवाजा आलाच. नगर-सोलापूरकडच्या माणसाला विचारा, तो सहज सांगेल : वस्ती.

“पोरगं कुठंय?” “वस्तीवर.” एवढ्यात घर, गोठा, विहीर, दारातला शेवगा सगळं आलं. पुण्यात हाच शब्द झोपडपट्टीला लागतो, ते सोडा. पण एसटीची ‘वस्तीची गाडी’ आठवा : रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी. संस्कृत ‘वसति’च्या अर्थांतही रात्रीचा मुक्काम आहेच. दिवसभर राबून तिन्हीसांजेला गावात परतणाऱ्याचं ते नुसतं शेत. वस्ती व्हायला तिथं निजावं लागतं. पंपाची लाईट रात्रीच्या पाळीत येते, डुकरं उसात शिरतात, म्हैसही नेमकी मध्यरात्री विते.

वस्ती बांधायची ती मुरमाड तुकड्यावर. काळ्या रानात पाया घातला तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते आणि भिंत तडकते. शिवाय पिकाची जमीन जाते ती वेगळीच. गोठा घराच्या उताराला आणि उकिरडा त्याच्याही खाली, म्हणजे मूत आपोआप खतात जातं. विहीर मात्र दोन्हींच्या वरच्या अंगाला. कडब्याची गंजी चुलीपासून लांब. तिच्या बुडाशी दगड-लाकडं टाकायची, नाहीतर ओल आणि वाळवी खालूनच चढते. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे आत. माथा छपरासारखा उतरता हवा. सपाट राहिला तर पाणी आत मुरतं, दिवाळीपर्यंत कडबा काळा पडतो आणि बैल हुंगून तोंड फिरवतो.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या 1862 च्या होमस्टेड कायद्यालाही वस्तीच हवी होती. 160 एकर, म्हणजे आपले 6400 गुंठे, किरकोळ फी भरून मिळत. पण तिथं घर बांधून, जमीन कसून पाच वर्षं राहायचं. काही बिलंदर चाकांवरचं खोपट हक्क सांगितलेल्या एका जमिनीवरून दुसरीवर ओढत नेत आणि घर दाखवून मोकळे होत.

आपल्याकडे घराला कुलूप लावून सगळे शहरात गेले, तरी नाव शिंदे वस्तीच राहतं. वाटेवरचा मात्र विचारतोच, “तिथं वस्तीला कोण असतं आता?”