पुलीचा नट आणि तीन शिमा

पुलीचा नट आवळला, हात पुसले, हँडल लावलं आणि इंजिन हलेचना. चारही स्पार्क प्लग बाहेर काढलेले, म्हणजे कॉम्प्रेशन अडवतंय असंही नाही. दोन्ही हातांनी रेटलं तेव्हा इंचभर सरकलं आणि परत बसलं.

ही बाबांची सीजे-३बी, पेट्रोलची जीप. १९७९ साली त्यांनी ती जुनीच घेतली. आंजर्ल्याहून दापोलीला आंब्याच्या पेट्या नेता नेता तिने आम्हा भावंडांची शिक्षणं केली. या मॉडेलचं बॉनेट उंच असतं ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं. २.२ लिटर, चार सिलिंडर, आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, मेन बेअरिंग तीनच. अकरा वर्षं खाऱ्या वाऱ्यात खोपीत उभी राहिली आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटल्या. ब्लॉक बोअर करून आणि क्रँक ग्राइंड करून चिपळूणहून आणला. जुळणी मात्र मी घरीच करायची ठरवली, मिरगाच्या आत.

इंजिन लाकडी घोडीवरच होतं. बघायला आलेल्या प्रत्येकाकडे उपाय तयार होता. गाडीत बसव आणि दुसऱ्या जीपने ओढ. गिअरमध्ये टाकून घाटीवरून सोड, आपोआप मोकळं होईल. नवं इंजिन थोडं जड असतं हे खरं, पण हँडलला दाद न देणारं इंजिन ओढून फिरवलं तर आत जिथे घासतंय तिथलं बेअरिंग खरवडलं जाणार. एवढ्या खर्चाने आणलेल्या क्रँकवर मी तो प्रयोग करणार नव्हते.

खालच्या आळीतले मेस्त्रीकाका आले. त्यांनी हँडलला हातही लावला नाही. "बाय, कुठपर्यंत मोकळं फिरत होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण प्रत्येक टप्प्यावर मी मोजत आले होते. मासळी तोलायचा हुकाचा काटा एक फुटी पट्टीच्या टोकाला अडकवायचा, ओढायचं, आणि क्रँक फिरायला लागल्यावर काट्यावर किती किलो दिसतात ते वहीत लिहायचं. मेन बेअरिंगचे बोल्ट ७० फूट-पौंडांना आवळल्यावर नुसता क्रँक हाताने फिरत होता. चारही पिस्टन नव्या रिंगांसह बसल्यावर काटा नऊ-दहा किलोंवर गेला. नव्या रिंगा एवढं ओढतातच. पण त्यानंतर टायमिंग गिअर, कव्हर, पुली आणि हेड मी एकाच दिवशी चढवलं आणि मध्ये एकदाही मोजलं नाही. आता पंचवीस किलोंचा काटा पुरत नव्हता.

"एकाच जागी अडतं की सगळीकडे सारखं?"

सगळीकडे सारखं. एखाद्या पिस्टनचा किंवा कनेक्टिंग रॉडचा दोष असता तर फेऱ्यात कुठेतरी जड जागा आली असती आणि पुढे गेल्यावर सुटली असती. मग त्यांनी फ्लायव्हीलच्या मागे पहार टेकवून क्रँक पुढे-मागे ढकलून बघायला सांगितलं. केसभरही हलला नाही. या इंजिनात तो चार ते सहा थाऊ, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग, हलायलाच हवा.

"पुलीचा नट सोड." नट अर्धा फेरा सैल केला आणि क्रँक फिरला. काटा दहा किलो! परत आवळला, परत जाम. तीनदा करून बघितलं, कारण विश्वासच बसत नव्हता.

पुढच्या मेन बेअरिंगसमोर एक थ्रस्ट वॉशर असतो, क्रँकचं पुढे-मागे सरकणं अडवणारी चकती. तो आणि क्रँकची पायरी यांच्यामध्ये दोन-दोन थाऊच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, घालून क्रँकचा पुढे-मागचा खेळ ठरवतात. नट आवळला की गिअर या सगळ्या थराला मागे दाबून धरतो. शिमा नसल्या तर वॉशर थेट बेअरिंगच्या तोंडावर बसतो. नट सैल असेपर्यंत याचा पत्ता लागत नाही.

पण मी शिमा काढल्याचं मला आठवेना. किटमध्ये नवा वॉशर आला होता, म्हणून जुना मी आंबापोळीच्या डब्यात टाकला होता. तो काढला. पाठीवर जळक्या तेलाचा काळा थर. रॉकेलमध्ये बुडवून कडेला ब्लेड लावलं तशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ चकती सुटली. मग दुसरी. मग तिसरी. इतकी वर्षं एकमेकींना चिकटून त्या वॉशरचाच भाग झाल्या होत्या.

पुली, कव्हर पुन्हा काढलं, टायमिंगच्या खुणा जुळवून घेतल्या आणि पुलर लावून गिअर ओढला. दुसऱ्याच्या आवारात गाडी उघडी असती तर हे काम दोन दिवसांचं झालं असतं, घोडीवर एका दुपारचं झालं. तिन्ही शिमा घातल्या, नट पूर्ण आवळला आणि मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पात्यांची पट्टी, लावलं. पाच थाऊ. काटा दहावर.

संध्याकाळी बाबा काठी टेकत खोपीपर्यंत आले. ऐंशी ओलांडलीय, कानाला कमी येतं. त्यांनी हँडलवर तळहात ठेवला, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, उलटा झटका बसला तर मोडू नये म्हणून. दोन फेरे फिरवले, थांबले, आणि मला विचारलं, "डिस्ट्रिब्युटर उद्या बसवणार?" मी मान हलवली. घराकडे वळता वळता सिलिंडर पेटण्याचा क्रम स्वतःशीच म्हणत गेले, "१-३-४-२."