दिवाळी अंकासाठी कथा लिहिताना कामी आलेल्या संज्ञा : माझा अनुभव

कथा एका गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत घडते. एका आजोबांची बायको मुलाकडे गेली असताना तिकडेच वारली. त्यांनी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. ते पूर्वीसारखाच पाच किलो गव्हाचा डबा दळायला आणतात. डब्याच्या तळाला धरलेली जाळी, म्हणजे घरात पीठ संपत नसल्याची खूण, पाहून गिरणी चालवणाऱ्या शालनला शंका येते. ही कथा सुमारे अडीच हजार शब्दांत पूर्ण करताना कथालेखनातल्या कोणत्या संज्ञा खरोखर हाताशी आल्या आणि त्यांच्यामुळे पानावर काय बदललं, ते इथे मांडते आहे. नव्यानं लिहिणाऱ्यांना या संज्ञांच्या व्याख्या मिळतात. त्या कुठे लावायच्या, हे मात्र फार कमी सांगितलं जातं.

सुरुवात कथाबीजापासून. वहीतलं पहिलं टिपण होतं, ‘दळणाच्या वजनावरून गिरणीवालीला घरात किती माणसं आहेत ते कळतं.’ हे नुसतं निरीक्षण झालं. त्यात कुणाला काही हवं नाही आणि कुणाचं काही अडत नाही. बीज व्हायला तीन गोष्टी लागतात : एक माणूस, त्याची एखादी निकड आणि त्या निकडीच्या आड येणारं काहीतरी. आजोबांना बायकोचं जाणं झाकायचं आहे, आणि डब्याच्या तळाची जाळी ते उघडं पाडते आहे. शालनला कळलंय, पण विचारलं तर त्यांचा आधार जाईल. एवढं दोन वाक्यांत लिहिता आलं की बीज पक्कं झालं असं मी धरते. दोन वाक्यांना पान लागत असेल, तर आपल्याकडे अजून नुसता विषय आहे.

नाट्यशास्त्रात पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत : बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. त्या नाटकासाठी आहेत, पण कथेची लांबी ठरवताना फार उपयोगी पडतात. पताका म्हणजे लांबवर चालणारं उपकथानक, प्रकरी म्हणजे छोटा प्रासंगिक भाग. अडीच हजार शब्दांत पताकेला जागा नसते. शालनच्या नवऱ्याचं कर्ज हा धागा पहिल्या खर्ड्यात चार ठिकाणी डोकावत होता आणि प्रत्येक वेळी मूळ गोष्ट थांबत होती. तो पूर्ण काढला. प्रकरी एकच ठेवली : शेजारच्या इमारतीतली एक बाई भाजणी दळायला येते आणि आजींची चौकशी करते. आणि बिंदू म्हणजे तुटलेला धागा पुन्हा जोडून देणारी गोष्ट. इथे तो डबा आहे. मध्ये कितीही बोलणं झालं तरी डबा दिसला की वाचक मूळ जागी येतो.

घटनाक्रम आणि कथानक यांतला फरक समजायला मी एक कोरं पान घेते. सगळ्या घटना तारखेच्या क्रमानं एकाखाली एक लिहायच्या, आणि दोन घटनांच्या मध्ये ‘मग’, ‘म्हणून’ किंवा ‘पण’ यांपैकी एक शब्द ठेवून पाहायचा. नुसता ‘मग’च बसत असेल, तर त्या दोन घटना एकमेकींना ढकलत नाहीत. आजी मुलाकडे गेल्या, मग वारल्या, मग आजोबा परत आले, मग डबा घेऊन निघाले : हा घटनाक्रम. कथानक जाळीपासून सुरू होतं. आधीचं सगळं वाचकाला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं चालतं, किंबहुना तसंच कळायला हवं.

पुढची जोडी प्रसंग आणि सारांश. प्रसंगात जागा असते, वेळ असते, माणसं समोरासमोर असतात आणि घड्याळ जवळजवळ खऱ्या वेगानं चालतं. सारांशात महिने दोन ओळींत जातात. या कथेत पाच प्रसंग आहेत, प्रत्येकी साडेतीनशे ते सहाशे शब्दांचे, आणि त्यांना जोडणारे सारांशाचे छोटे परिच्छेद, पन्नास ते शंभर शब्दांचे. मराठीत हे दोन्ही क्रियापदावरूनच ओळखू येतात. ‘आजोबा दर पंधरवड्याला यायचे, डबा काट्यावर ठेवायचे, बाकावर बसायचे’ हा रीतिभूतकाळ म्हणजे सारांश. ‘आजोबांनी डबा काट्यावर ठेवला’ म्हटलं की प्रसंग उघडला. नवख्या खर्ड्यात हमखास बिघडतं ते इथे : ‘यायचे, बसायचे, म्हणायचे’ पानभर चालतं आणि वाचक काहीतरी घडायची वाट पाहत राहतो. माझा नियम साधा आहे. रीतिभूतकाळाची सलग चार वाक्यं झाली की पाचवं साध्या भूतकाळात आणायचं.

आता निवेदक आणि दृष्टिकोन. कथा बसते किंवा मोडते ती बहुतेक इथेच, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मी ठामपणे म्हणेन. निवेदक म्हणजे सांगणारा. दृष्टिकोन म्हणजे कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय ते. दोन्ही एकच असतील असं नाही. माझ्यापुढे तीन पर्याय होते : शालन स्वतः ‘मी’ म्हणून सांगेल, सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वसाक्षी निवेदक सांगेल, किंवा तृतीयपुरुषी निवेदन शालनपुरतं मर्यादित राहील.

‘मी’ घेतलं की मराठीत एक गोष्ट लगेच ठरवावी लागते. ‘मी डबा उचलला’ यातून सांगणारा बाई आहे की पुरुष ते कळत नाही, कारण क्रियापद डब्याप्रमाणे चालतं. ‘मी बाकावर बसले’ म्हटलं की कळतं. पहिल्या परिच्छेदात एकही असं अकर्मक क्रियापद आलं नाही, तर वाचक मनात भलताच निवेदक उभा करतो आणि पुढे अडखळतो. पहिल्या तीन-चार वाक्यांतच ‘गेले’, ‘बसले’, ‘उठले’ यांपैकी काहीतरी आणावं. (कथा कोल्हापूरकडची असेल तर आणखी जपावं लागतं, तिकडे बायका-मुलीही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात.)

शेवटी मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन निवडलं. शालनला स्वतःला आपली शंका शब्दांत मांडायची नाही, आणि ‘मी’ म्हटलं की तिला ती मांडावीच लागली असती. सर्वसाक्षी निवेदकाला आजोबांच्या मनातलं माहीत असतं. मग ते लपवून ठेवणं म्हणजे वाचकाशी लबाडी. मर्यादित निवेदनात एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं : शालनला जे दिसत नाही ते पानावर येऊ द्यायचं नाही. ‘आजोबांना वाटलं, हिला कळलं असणार’ हे वाक्य घसरलेलं आहे. त्याऐवजी ‘आजोबांनी काट्याकडे न बघता खिशातून सुटे पैसे काढले.’ अशा घसरणी शोधायला मी फाइलमध्ये ‘वाटलं’, ‘जाणवलं’, ‘आठवलं’, ‘कळलं’, ‘लक्षात आलं’ हे शब्द शोधते आणि प्रत्येकापुढे विचारते, कुणाला? शालनखेरीज दुसरं उत्तर आलं की वाक्य बदलायचं.

दृष्टिकोन आदरार्थी रूपातही असतो, आणि इकडे फारच कमी लोक लक्ष देतात. ‘शालन आली’, ‘शालनबाई आल्या’. ‘आजोबा बसले’, ‘म्हातारा बसला’. प्रत्येक जोडीत निवेदक वेगळ्या अंतरावर उभा आहे. शालनच्या बाजूनं सांगायचं तर निवेदनातही ‘आजोबा बसले’ असंच हवं, कारण ती तसंच म्हणेल. आणि तिचा उल्लेख एकदा ‘ती’ केला की शेवटपर्यंत ‘ती’. मध्येच ‘त्या म्हणाल्या’ आलं की दुसरंच कुणी सांगायला लागल्यासारखं होतं.

संवादाचा एक तुकडा दोन्ही रूपांत देते. आधीचं रूप :

“आजोबा, तुम्ही आता एकटेच असता, तरी पाच किलो गहू का आणता?”
“माझ्या पत्नीचं निधन झालं हे गल्लीत कुणाला कळू नये, असं मला वाटतं.”

इथे पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत, वाचकाला माहिती पुरवतात. शिवाय बायकोबद्दल ‘पत्नीचं निधन’ असं घरगुती बोलण्यात कुणी म्हणत नाही. दुसरं रूप :

“आजोबा, डबा उन्हात ठेवा जरा. तळाला जाळी धरलीय.”
“हिनं सांगितलं होतं घासायला. राहिलं.”
“आजी दिसल्या नाहीत गणपतीत.”
“बारीक दळ हं. तिला जाडं चालत नाही.”

प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही. ‘चालत नाही’ या वर्तमानकाळात आजी अजून घरात आहेत. याला अध्याहृत अर्थ म्हणतात : बोललं जातं दळणाबद्दल, चाललेलं असतं दुसरंच. तो साधायचा तर पात्रांच्या हाताला काम द्यावं. हातात डबा, काटा, चिठ्ठी असली की बोलणं आपोआप आडवळणानं जातं. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ चार ओळींत एकदा पुरतं, कारण मराठीत क्रियापद आणि तू-तुम्ही यांवरूनच बोलणारा कळतो. ‘उद्गारला’, ‘पुटपुटली’ यांची गरज क्वचितच पडते.

तपशील निवडताना एकच कसोटी लावली : तो काही काम करतो का? ट्यूबलाइटवर साचलेला पिठाचा थर चित्र उभं करतो, एवढंच. पण ‘ज्वारीवर टाकू नका, गव्हावर टाका’ हे गिरणीतलं नेहमीचं सांगणं कथेलाच पुढे नेतं. नुकतीच ज्वारी दळून झाली आहे, म्हणून दुसऱ्या कुणाचा गहू येईपर्यंत आजोबांना बाकावर थांबणं भाग आहे, आणि थांबले म्हणून बोलणं झालं. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना कारणाशिवाय बसवलं होतं. या एका वाक्यानं अख्ख्या प्रसंगाला कारण मिळालं.

पुनर्लेखनात क्रम महत्त्वाचा. आधी प्रसंगांचा क्रम, मग दृष्टिकोन, मग संवाद, मग वाक्यं, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. उलटा क्रम घेतला की घासूनपुसून लखलखीत केलेला परिच्छेद कापायला हात धजत नाही. पुनर्लेखनाच्या दोन फेऱ्यांमध्ये आठवडाभर तरी जाऊ द्यावा. दहा ते पंधरा टक्के मजकूर कमी होतो, आणि त्यातला बराचसा पहिल्या पानावरचा असतो. वाक्यांच्या फेरीत ‘करण्यात आले’, ‘देण्यात आला’, ‘च्या माध्यमातून’ हे कचेरीतलं मराठी काढायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून तीन ओळींच्या वाक्यात वाचक तीन ओळी अधांतरी राहतो. मोठ्यानं वाचताना जिथे श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य तोडावं.

शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे : १९६२चे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार. सगळे पाठ नसले तरी आपल्या कथेत वारंवार येणारे शब्द वेगळे काढून तपासावेत. माझ्या यादीत पीठ पण पिठाचा, वीज पण विजेचं, मूल पण मुलाकडे असे शब्द होते. मराठी अकारान्त शब्दातलं उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचं, इ-उ दीर्घ, सामान्यरूपात (प्रत्यय लागताना बदलणाऱ्या रूपात) ते ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, म्हणून शरीर, शरीराला. ‘केले’ की ‘केलं’, ‘तिने’ की ‘तिनं’, हा निर्णय निवेदनासाठी एकदाच घ्यावा आणि कागदावर लिहून ठेवावा. निवेदन ‘केले’त आणि संवाद ‘केलं’त, असंही चालतं. एकाच परिच्छेदात दोन्ही आलेली मात्र डोळ्यांत खुपतात.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत कथेचं वर्ष दिवाळीकडे तोंड करून चालतं. म्हणजे कथा पावसाळ्यातच पूर्ण व्हायला हवी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि सोबत तीच प्रत पीडीएफमध्ये द्यावी. अंकाची जुळणी युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होत असेल, तर रूपांतर करताना ठरावीक अक्षरं मोडतात. प्रूफ आलं की पहिल्यांदा तीच पाहावीत : ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय का, ‘ऱ्हस्व’ शाबूत आहे का, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ गळलेत का, अवतरणचिन्हं उघडताना आणि मिटताना बरोबर वळली आहेत का. मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर नवं वाक्य घालू नये. एक ओळ वाढली तरी पुढची पानं सरकतात आणि तपासून झालेल्या ओळी पुन्हा मोडतात.

शीर्षक ‘जाळी’ ठेवायचा मोह होता. पण त्यानं जाळीचा शोध आधीच फोडला असता, म्हणून ‘पाच किलो’ ठेवलं. संपादकांना पाठवताना सोबतच्या पत्रात चारच गोष्टी लिहिल्या : शीर्षक, शब्दसंख्या, कथा अप्रकाशित आहे, आणि ती सध्या दुसऱ्या कुठल्याही अंकाकडे विचाराधीन नाही. कथेचा सारांश किंवा आशयाचं स्पष्टीकरण पत्रात घालू नये. संपादकांनी कथा कोरीच वाचायला हवी.